बेटावरची मास्तरीण

मालदीव हे नाव काढले की आपल्याकडील मंडळींच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र उभे राहते: निळेशार पाणी, त्यात खांबांवर उभारलेल्या झोपड्या आणि नुकतेच लग्न झालेले जोडपे. हे चित्र खोटे नव्हे. पण ते पाहुण्यांच्या बेटांचे आहे. ज्या बेटांवर त्या देशाची माणसे राहतात, स्वयंपाक करतात, भांडतात, मुलांची लग्ने जुळवितात, ती बेटे बव्हंशी निराळी. तेथे एक मशीद असते, एक दवाखाना, डिझेलवर चालणारे एक वीजघर, दोन-तीन दुकाने, होड्यांचा धक्का आणि एक शाळा. अशाच एका बेटावरच्या शाळेत २०१८ आणि २०१९ ही दोन वर्षे मी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकविले. त्या वेळी माझे वय चोवीस होते. बेटाचे नाव मी मुद्दाम देत नाही. आठशे वस्तीच्या गावाचे नाव सांगणे म्हणजे माणसांचीच नावे सांगणे होय. उत्तरेकडील रा नावाच्या अटॉलातील ते एक बेट, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

अटॉल हा शब्द मुळी त्या लोकांनीच जगाला दिला आहे. प्रवाळाच्या कड्यावर माळेतील मण्यांप्रमाणे बसलेली बेटे आणि मध्ये उथळ, शांत पाणी, अशी ही रचना. असे सव्वीस अटॉल आणि त्यांतील सुमारे १,१९० बेटे मिळून हा देश झाला आहे. दक्षिणोत्तर पसारा आठशे किलोमीटरहून अधिक. वस्ती मात्र दोनशेहूनही कमी बेटांवर. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दीड मीटर उंच. माझ्या बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावयास पंधरा मिनिटे लागत, आणि तीही वाटेत कोणी बोलावयास थांबविले नाही तर. कोणी थांबविले नाही असे कधी होत नसे.

तेथील शाळांतून दिवेही ही त्यांची भाषा व धर्मशिक्षण एवढे सोडले, तर बाकीचे विषय इंग्रजीतून शिकवितात. लांबच्या बेटांवर विषयशिक्षक पुरेसे मिळत नाहीत, म्हणून कित्येक वर्षांपासून भारतातील शिक्षक तेथे जात आले आहेत. आमच्या शाळेत माझ्याखेरीज तिघे केरळचे व एक तमिळनाडूचे होते. मराठी बोलणारी मी एकटीच.

जाण्यापूर्वी आमच्या अकरा माणसांच्या घरात या नोकरीवर पुष्कळ चर्चा झाली. थोरल्या काकूंची शंका जेवणाविषयी, वडिलांची वाटेतील समुद्राविषयी आणि आजीची देवाविषयी. तिघांनाही मी जे होते तेच सांगितले. मासा हे तेथील मुख्य अन्न आहे. बेटांवर होडीनेच जावे लागते. आणि त्या देशात इस्लामखेरीज इतर धर्मांच्या उघड उपासनेस मुभा नाही, पूजेची मूर्ती नेण्यास जकातीवर मनाई आहे. लहानपणी आजीने माझ्याकडून अथर्वशीर्ष पाठ करून घेतले होते. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मूर्ती अडवतील, बाई, पाठ केलेले कोण अडवणार?" एवढ्यावर परवानगी मिळाली.

तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे चालते. पहाटेची बांग झाली की बेट जागे होई. माझी खोली एका कुटुंबाच्या घरातच होती. घरात आजोबा, आजी, सून आणि दोन नातवंडे. मुलगा पर्यटकांच्या एका बेटावर स्वयंपाकघरात कामास होता. तो महिन्याकाठी चार-पाच दिवस घरी येई. उजाडता उजाडता सून आणि शेजारणी आपापल्या दारापुढची पांढरी वाळू झाडावयास लागत. रस्ते सगळे वाळूचे, आणि खराटा माडाच्या हिरांचाच. आमचे मूळ घर गुहागर तालुक्यात आहे. मे महिन्यात तेथे गेलो की पहाटे अंगणातून असाच आवाज येतो. पहिल्या दिवशी तो ऐकून मी अंथरुणातच पडून राहिले. आपण कोठे आहोत हे क्षणभर उमजेना.

शाळा सातच्या आत भरे व दुपारी एकच्या सुमारास सुटे. पांढऱ्याशुभ्र पोशाखातील मुले अनवाणी वाळूतून येत आणि दाराशी पाय झटकून वह्या काढीत. दुपारी दहावीचे जादा वर्ग, संध्याकाळी मुलांचे चेंडू आणि बायकांच्या गप्पा. घरोघरी दारापुढे लोखंडी किंवा लाकडी चौकटीस दोर विणून केलेली बैठक असते. तिला ते जोली म्हणतात. माझ्या कानांना ती झोळीच ऐकू येई. तीत एकदा माणूस बसला म्हणजे तासभर तरी उठत नाही.

जेवणाचे म्हणाल तर काकूंची शंका अगदी खरी होती. न्याहारीस मस हुनी व रोशी. रोशी म्हणजे पोळी. आणि मस हुनी म्हणजे ओले खोबरे, कांदा, मिरची, लिंबू व मासा असे कालवण. सुनेला मी मासे खात नाही हे कळल्यावर तिने एक शब्दही न बोलता व्यवस्था करून टाकली. मासा घालण्यापूर्वी खोबऱ्याचा एक वाटा ती वेगळा काढी आणि त्यावर झाकण ठेवी. तो "मिसचा वाटा". दोन वर्षांत तो वाटा एकदाही चुकला नाही. भाजीची होडी आठवड्यातून एकदा मालेहून येई. समुद्र खवळला तर तीही नाही. मग डाळ, कांदा, बटाटा आणि अंगणातील शेवग्याचा पाला. एक गोष्ट मात्र मुबलक, ती म्हणजे नीरफणस. ते लोक त्याच्या पातळ चकत्या तळतात. मी त्याची जाड कापे करून, तिखटमीठ आणि रवा लावून तव्यावर परतली; तेव्हापासून त्या घरात आठवड्याचा एक दिवस कापांचा ठरून गेला.

आता शाळेविषयी. दहावीच्या परीक्षा केंब्रिजच्या, पुस्तकेही त्याच धर्तीची. पुस्तकातील एका उदाहरणात दोन आगगाड्या समोरासमोरून येत होत्या. माझ्या वर्गातील एकानेही आगगाडी पाहिली नव्हती. टेकडीच्या माथ्याचा उन्नत कोन काढा, असे दुसरे एक उदाहरण. टेकडी नाही, नदी नाही, पूल नाही, घाट नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात मी उदाहरणे नव्याने लिहावयास बसले. आगगाड्यांच्या जागी दोन दोनी आल्या. दोनी म्हणजे त्यांची होडी. टेकडीच्या जागी बेटावरचा दूरध्वनीचा मनोरा आला. त्याची उंची मुलांनी सावलीवरून, कोनमापकावरून आणि एका धीट मुलाच्या अंदाजावरून अशी तीन प्रकारे काढली. दोनींच्या उदाहरणात मात्र मुलांनी मला अडविले. "मिस, प्रवाह कोणत्या बाजूचा? जाताना आणि येताना वेळ सारखा कसा लागेल?" आगगाडीला हा प्रश्न नसतो. सापेक्ष वेगाचे प्रकरण मला दोन दिवस पुरेल असे वाटले होते. ते त्या वर्गाने अर्ध्या तासात संपविले, कारण ते त्यांच्या वडिलांच्या रोजच्या हिशेबातले होते.

त्यांची लिपी ताना. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. गणिताच्या शिक्षिकेला आनंद व्हावा अशी गोष्ट ही की, या लिपीतील पहिली नऊ अक्षरे म्हणजे मुळात अरबी पद्धतीचे एक ते नऊ हे अंक आहेत. आणि भाषा? ती तर लांबच्या नात्यातील मावशी निघाली. दिवेही ही सिंहली भाषेची बहीण, म्हणजे मराठीच्याच आर्यभाषाकुळातली. आपला स तेथे ह होतो, आपला प तेथे फ होतो, ही किल्ली हाती आली की अर्धे शब्द आपोआप उघडतात. त्यांचे हते म्हणजे सात, अशे म्हणजे आठ, दिहए म्हणजे दहा. दिवस तो दुवस, चंद्र तो हंदु, मिरची ती मिरुस, दूध ते किरु, म्हणजे आपले क्षीर. अळकुड्यांना ते अलाच म्हणतात. आपला ळ देखील त्यांच्याजवळ आहे, आणि तो त्यांना नीट म्हणता येतो. मुले वडिलांना बाप्पा म्हणतात आणि आजीला मामा! हे घरी सांगितले तेव्हा माझ्या दोन्ही मामांनी बरेच दिवस एकमेकांस आजी म्हणून हाक मारली.

परंतु खरे आश्चर्य पुढेच होते. आमच्या घरचे आजोबा साऱ्या उमेदीत मासेमारी केलेले. गळ आणि काठी यांनी एकेक मासा ओढून काढावयाचा, ही तेथील जुनी रीत. मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी आकाशाकडे पाहत ते नातवाला म्हणाले, "रोनु लागले. आता मियाहेलिया, मग अदा." मी विचारले, हे काय? त्यांनी बोटांवर मोजून दाखविले. वर्षाचे सत्तावीस भाग. प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा. प्रत्येकाला ते नकइ म्हणतात. अस्सिदा, बुरुनु, केती, रोनु, मियाहेलिया, अदा, फुनोस, फुस. ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य! आमच्या गावी शेतकरी ज्या नक्षत्रांवर पेरणीचा मुहूर्त धरतो, त्याच नक्षत्रांवर हा कोळी समुद्रात जावे की न जावे हे ठरवितो. त्यांचे रोनु २० मेच्या सुमारास लागते, आपली रोहिणी २५ मेच्या. त्यांचे मियाहेलिया जूनच्या ३ तारखेस, आपला मृग ७ तारखेस. पाऊस दक्षिणेकडून येतो, तेव्हा नक्षत्रे चार-पाच दिवस आधी तेथे उतरतात असेच म्हणावेसे वाटे. सप्टेंबरात त्यांचे अता लागले, म्हणजे आपला हस्त. त्या रात्री मला भोंडल्याची फार आठवण झाली. तेथील लोकांनी इस्लाम धर्म स्वीकारला तो ११५३ साली, असे त्यांचा इतिहास सांगतो. तरी त्यापूर्वीची ही आकाशाची मोजणी होड्यांच्या उपयोगाची म्हणून टिकून राहिली.

आणखी एक नाते कवडीचे. आपण कवडीमोल म्हणतो, फुटकी कवडी म्हणतो. पण ती कवडी येत होती कोठून? शेकडो वर्षे ती मुख्यतः मालदीवहून येत होती. तिला तेथे बोली म्हणतात. माडाच्या झावळ्या उथळ पाण्यात टाकून ठेवावयाच्या. त्यांना चिकटलेल्या कवड्या काढावयाच्या. आणि त्या बंगालात पाठवून बदली तांदूळ आणावयाचा, कारण या वाळूत भात पिकत नाही. चौदाव्या शतकात काही काळ तेथे काझी असलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने या व्यापाराची नोंद करून ठेविली आहे. ज्या बेटावर ती पायाखाली येई तेथे तिची खायला भाकरी होत नव्हती. बाहेर गेली म्हणजे ती नाणे होई. हे मी एकदा वर्गात सांगितले. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मग मिस, आमचेही तसेच." वर्ग हसला. मला मात्र ते वाक्य पुढे पुष्कळ दिवस पुरले.

कारण आमची शाळा दहावीला संपत होती. त्यापुढे शिकावयाचे तर बेट सोडणे भाग. २०१९ साली माझ्या दहावीच्या वर्गात अकरा मुले होती. त्यांच्या थोरल्या भावंडांपैकी बहुतेक मालेला गेलेली आणि तेथेच राहिलेली. २०२२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक भरली, आणि दर दहांतील चार माणसे एकट्या माले परिसरात राहतात असे दिसून आले. माले हे काही चौरस किलोमीटरांचे शहर. जगातील अत्यंत दाट वस्तीच्या शहरांत त्याची गणना होते. आमच्या घरच्या आजोबांची चार मुले. त्यांपैकी तिघे तेथे. घराच्या मागील बाजूस तीन खोल्या कुलूप लावून बंद होत्या. आजी दर शुक्रवारी त्या उघडून झाडी आणि पुन्हा कुलूप लावी. माझा विषय मी जितका चांगला शिकवीन, तितक्या अशा खोल्या वाढतील, हे दुसऱ्या वर्षी मला लख्ख दिसू लागले.

याच घरातील नात माझ्या दहावीच्या वर्गात होती. गणितात तिची बुद्धी विलक्षण होती असे मी म्हणणार नाही. पण तिला अडलेले उदाहरण सोडवत नसे. रात्री अकरा वाजता माझ्या दारावर टकटक होई आणि वही पुढे येई. आईची इच्छा तिने पुढे शिकावे. तिला स्वतःला शिक्षिका व्हावयाचे होते. आजी बोलत नसे. आणि आजोबांचे मन नव्हते. त्यांचे कारण हट्टाचे नव्हते. "मालेत माझ्या मुलीच्या दोन खोल्यांत नऊ माणसे राहतात," ते म्हणत, "त्यांत ही वही कोठे ठेवील?"

नोव्हेंबरात परीक्षा संपल्यावर एका संध्याकाळी सगळे जोलीवर बसलो असता त्यांनी मला सरळ विचारले, "मिस, हिला गणित तू शिकविलेस. आता हिचे काय करावे तेही तूच सांग." माझे दिवेही मोडके, नात मधून मधून दुभाषीपण करी. मी जे ठाऊक होते ते मांडले. मालेला जाणे हा एकच मार्ग नाही. आमच्याच अटॉलातील एका मोठ्या बेटावर अकरावी-बारावीचे वर्ग आहेत; होडीने दोन तासांची वाट; समुद्र बरा असेल तर सुट्टीला घरी येता येईल. तेथे एका नातेवाईक बाईंकडे राहण्याची सोय होऊ शकते.

आजोबांनी ऐकून घेतले आणि मग निराळेच विचारले. "तुझ्या घरी किती माणसे?"

"अकरा."

"तेच तुझे गाव?"

"नाही. गाव समुद्राकाठी आहे. तेथे आमचे जुने घर आहे."

"तेथे कोण राहते?"

कोणी नाही, असे मला सांगावे लागले. एक शेजारी संध्याकाळी दिवा लावून जातात. गणपतीत आणि मे महिन्यात आम्ही जाऊन घर उघडतो. माझे पणजोबा शिकून पुण्यास शिक्षक झाले, मग त्यांचे भाऊ निघाले, मग पुढच्या पिढीत कोणी उरलेच नाही. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडेही शाळा होती."

या वाक्यात टोमणा नव्हता, म्हणूनच त्यास उत्तर देणे कठीण होते. मी म्हणाले, "शाळा होती, पण ती मध्येच थांबत होती. चौथीपुढे काही नव्हते. शाळा जेथे थांबते तेथून माणसे निघतात, काफा." काफा म्हणजे आजोबा. ते लगेच म्हणाले, "मग ती पुढे ने."

ते माझ्या हाती नव्हते, आणि कोणाच्याच हाती सोपे नाही. अकरा मुलांसाठी अकरावी-बारावीचे वर्ग काढावयाचे तर पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र यांना एकेक शिक्षक आणि एकेक प्रयोगशाळा हवी. आणि अशी बेटे एक-दोन नव्हेत, शंभरावर. ज्या देशात गाव म्हणजे बेट आणि शेजारचे गाव म्हणजे समुद्रापलीकडचे बेट, तेथे शाळा, दवाखाना आणि पाणी यांचा खर्च प्रत्येक ठिकाणी नव्याने करावा लागतो. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने हे फार कठोरपणे शिकविले. आमच्याच अटॉलातील कंदोळुदू हे दाट वस्तीचे बेट त्या सकाळी राहण्याजोगे उरले नाही. तेथील हजारो माणसे इतर बेटांवर विखुरली, आणि चार वर्षांनी दुवाफारू या पूर्वी वस्ती नसलेल्या बेटावर त्यांच्यासाठी नवी घरे, नवी शाळा उभी राहिली. आमच्या घरच्या आजीचे माहेर कंदोळुदूचे. तिचे माहेर नकाशावर आहे, पण तेथे जाऊन राहता येत नाही. त्या रात्री तीच प्रथम बोलली. ती म्हणाली, "माझे गाव पाण्याने रिकामे केले. ही तर स्वतःच्या पायांनी जाते, आणि परत येण्याची होडी आहे. जाऊ दे."

मग कोणी वाद घातला नाही. माझा करार त्या डिसेंबरात संपला आणि मी परत आले. निरोप देताना आजीने स्वतः वळलेला काथ्याचा दोर दिला. तो आमच्या पुण्याच्या गच्चीत आजही कपडे वाळत घालावयास आहे. जानेवारी २०२० मध्ये नातीचा निकाल लागला. गणितात तिला वरची श्रेणी मिळाली. मोठ्या बेटावर जाण्याचा दिवस आजोबांनी नकइ पाहून ठरविला. आपण मुहूर्त पाहतो तो ग्रहांसाठी. त्यांनी पाहिला तो वाऱ्यासाठी. दोनच महिन्यांत महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि ती घरी परतली. पुढचे काही महिने तिने त्या मागच्या बंद खोल्यांपैकी एकीत बसून अभ्यास केला. आजोबांनी मला दूरध्वनीवर सांगितले, "एक कुलूप निघाले." पुढे ते पुन्हा लागले. मुलगी बारावी होऊन मालेच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिक्षकी पेशाचे शिक्षण घेऊ लागली. ती शिक्षिका होईल, यात मला शंका नाही. कोणत्या बेटावर होईल, हे तिच्या हाती नाही.

मला अनेकजण विचारतात, मुलीच्या जातीने अशा एकाकी ठिकाणी जावे काय? ज्यांच्या घरी असा प्रश्न उभा आहे त्यांना माझे सांगणे असे. एकाकीपणाचे भय बाळगू नये. आठशे माणसांच्या गावात एकटे राहू देत नाहीत हीच खरी अडचण. कराराचे कागद नीट वाचावे, सुट्टी व परतीचे भाडे यांचा उल्लेख पाहावा, तेथील धर्म आणि रीतिरिवाज मान राखून पाळावे, शाकाहारी असल्यास चार महिने पुरतील इतक्या डाळी व मसाले बरोबर न्यावे. आणि भाषा शिकावी. अंक, नाती आणि नक्षत्रे एवढी आली की अर्धी भाषा आली.

परंतु पगार, अनुभव आणि परदेश यांखेरीज आणखी एक गोष्ट बरोबर येते, ती सांगितल्यावाचून हा लेख संपविणे मला बरोबर वाटत नाही. आपल्या मासिकाच्या वाचकांत अशी कुटुंबे पुष्कळ असतील की ज्यांचे मूळ घर कोकणात किंवा देशावरच्या एखाद्या खेड्यात कुलूप लावून उभे आहे. शिकलो म्हणून आपण निघालो, आणि निघालो म्हणून आणखी शिकलो. याचा आपणांस अभिमान आहे आणि तो असावाही. पण ज्या गावाने शाळामास्तरला तांदूळ देऊन आपल्या पणजोबांना शिकविले, त्या गावाच्या वाट्यास त्या शिक्षणातून काय आले, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. मी तो मांडला नव्हता. समुद्रापलीकडच्या एका वृद्ध कोळ्याने तो माझ्यापुढे तीन शब्दांत ठेविला. तेथे कोण राहते? त्याचे उत्तर माझ्याजवळ अद्याप नाही. या वर्षी मे महिन्यात आमची सारी अकरा माणसे गावी जमतील तेव्हा हाच प्रश्न मी घरात काढणार आहे, आणि वडीलमंडळी काय म्हणतात ते ऐकणार आहे.